'ड' तुकडीला आधी फोन करा

१९८५ च्या मार्चमध्ये अमरावतीच्या एका अनुदानित शाळेतून दहावीला बसलेल्या आम्हा मुला-मुलींचं स्नेहमिलन २०२५ च्या फेब्रुवारीत झालं. शनिवारी, ८ तारखेला अमरावतीत आणि रविवारी अकोल्याकडे. मी बँकेत कॅशियर होते, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. आणि हिशेब ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडे सगळ्यांचे रुसवेही येतात. आमचं पार पडल्यावर आसपासच्या बॅचवाल्यांनी 'तुम्ही कसं केलं ते सांगा' म्हणून विचारायला सुरुवात केली. त्यांना जे तुकड्यातुकड्यानं सांगत गेले, ते इथं एका जागी लिहिते.

१. पत्रिकेवर 'पास' हा शब्द लिहू नका

पहिली निमंत्रणपत्रिका पुण्यातल्या एका मित्रानं मोबाइलवर झटक्यात बनवली. वर सोनेरी अक्षरांत 'एसएससी पास बॅच १९८५'. दिसायला फक्कड. ती ग्रुपवर पडली आणि 'ड' तुकडीतले जे मोजके जण तोवर सापडले होते, ते एकदम गप्प झाले. त्यातल्या एकाचं चित्रा चौकाकडे दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे गेले, तर हातातला पाना खाली न ठेवता म्हणाला, "मी तं पास झालोच नव्हतो ना वं. मंग मी कायले येऊ?"

त्या काळची रीत आठवा. पाचवीत सगळे सारखे. आठवीला मार्कांवरून तुकड्या पाडायच्या; 'अ'मध्ये स्कॉलरशिपवाले, 'ड'मध्ये उरलेले. गणित आणि इंग्रजी हे दोन विषय खेड्यावरून येणाऱ्या पोरांना हटकून आडवे यायचे. मार्चला गेला तो ऑक्टोबरला बसायचा, आणि ऑक्टोबरलाही गेला की बाप म्हणायचा, चाल आता वावरात. नववीतच गळाले ते वेगळे. मुलींचं तर विचारूच नका. नापास झालेल्या मुलीला दुसऱ्यांदा फॉर्म भरू देणारी घरं थोडीच होती. म्हणजे 'पास बॅच' म्हटलं की ज्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्यातली बरीच मंडळी वगळली जातात.

मग पत्रिका बदलली. नवीन मजकूर असा: 'जून १९७९ मध्ये पाचवीत आलेले आपण सगळे.' यात पास आले, नापास आले, नववीतून गेलेले आले, वडिलांची बदली झाल्यामुळे सातवीतच शाळा सोडलेला तहसीलदाराचा मुलगाही आला. एवढ्याशा बदलानं फोन यायला लागले. नववीत गळालेल्या एकीनं विचारलं, "मी चालते का पण?"

जाता जाता एक. 'मागच्या बाकावरचा पोरगा आज मर्सिडीजमधून आला' ही गोष्ट प्रत्येक स्नेहमिलनात कोणीतरी माइकवरून सांगतो. आमच्याकडेही सांगितली. खरी परिस्थिती अशी की आमच्या मागच्या बाकावरचे बहुतेक जण ऑटो चालवतात, कटलरीचं दुकान लावतात किंवा कोरडवाहू शेती करतात, आणि ते बसनं आले. त्यांच्या येण्याला मर्सिडीजचं कारण लागू नये.

२. तारीख वावराला विचारून ठरवा

अमेरिकेतल्या दोघांना नाताळ हवा होता. त्यांना सांगितलं, तुम्हाला रजा टाकता येते, वावरात उभ्या तुरीला टाकता येत नाही. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबर कापसाच्या वेचणीचा, जानेवारी तुरीचा. संक्रांत झाली की बायकांचं हळदीकुंकू, ते थेट रथसप्तमीपर्यंत. त्या दिवसांत बायकांना बोलावणं म्हणजे त्यांनी येऊ नये असंच सांगणं. उन्हाळ्याचं नाव काढू नका. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो आणि आपण सगळे पंचावन्न ओलांडलेले, निम्म्यांना बीपीच्या गोळ्या.

त्यातून आमच्यात शिक्षक आणि शिक्षिका बऱ्याच निघाल्या. त्यांना बोर्डाच्या परीक्षेची ड्यूटी. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती आणि बारावीची परीक्षा ११ ला सुरू होत होती. मधला एकच शनिवार-रविवार उरला. समितीनं तीन बैठका घेऊन जे ठरलं नाही, ते भिंतीवरच्या कॅलेंडरनं ठरवून दिलं.

३. मुली शोधायच्या तर नवरात्रात

शाळेच्या कार्यालयात दाखल-खारीज रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज दिला, त्यांनी समोर बसून नावं उतरवून घेऊ दिली. नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख. यावरून मुलं भराभर सापडली. मुलाचं आडनाव बदलत नाही आणि घरही सहसा जिथल्या तिथं असतं. मुलींचं सगळंच बदललेलं. आडनाव तर गेलंच, पण आमच्या पिढीत लग्नात पहिलं नावही बदलायचे. फेसबुकवर कितीही शोधा, सापडत नाहीत.

अमरावतीकरांना एक सोय आहे. नवरात्रात अंबादेवी-एकवीरेच्या दर्शनाला सासुरवाशिणी माहेरी येतात, ओटी भरतात. २०२४ चं नवरात्र ३ ऑक्टोबरला बसलं आणि मी व एक मैत्रीण संध्याकाळी गांधी चौकातून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फिरायला लागलो. ओळखायचं कसं? शाळेतला चेहरा डोळ्यांपुढे ठेवलात तर एकही सापडणार नाही. आम्हाला पोरी सापडल्या त्या त्यांच्या आयांच्या चेहऱ्यांवरून. पंचावन्नाव्या वर्षी बाई हुबेहूब आपल्या आईसारखी दिसायला लागते आणि त्या आया आम्हाला पक्क्या आठवत होत्या, कारण त्यांच्या हातचं खाल्लेलं होतं. एकीला बांगड्यांच्या दुकानासमोर तिच्या आईच्या नावानंच हाक मारली, आणि ती वळली.

सापडल्यावर दुसरी पायरी. "ह्यांना विचारून सांगते." ज्यांना नातवंडं झाली, त्या बायकाही हेच म्हणतात. यावर नवऱ्याशी वाद घालायला जाऊ नका. तिच्या लेकीला किंवा सुनेला फोन करा. आमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या अडून बसलेल्या मैत्रिणी सुनांनी पाठवल्या. मूर्तिजापूरच्या एकीच्या सुनेनं तर बॅग भरून, गोळ्यांची डबी वर ठेवून सासूला स्टँडवर आणून सोडलं.

नवरा-बायको दोघांनी यायचं की एकट्यानं, यावर ग्रुपवर आठवडाभर घोळ चालला. आम्ही एकट्यानं म्हटलं आणि ते बरोबर होतं. नवरा शेजारी बसला की बाई पुन्हा पाहुण्यांसारखी बोलायला लागते.

४. निवडणुकीच्या तोंडावर ग्रुप काढू नका

आमचा ऑक्टोबरमध्ये निघाला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. २३ तारखेला निकाल लागेपर्यंत दोघांनी ग्रुप सोडला, एकाला बाहेर काढावं लागलं. तिघंही फेब्रुवारीत आले. एकाच टेबलावर जेवले, एकमेकांशी बोलले मात्र नाहीत. काय करणार!

५. कोणी किती दिले, हे एकाच माणसाला माहीत असावं

समितीत वर्गणीचा आकडा निघाला २,५०० रुपये. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो एका रात्रीच्या हॉटेलाचा वाटतो. बोरगाव मंजूकडे शेती करणाऱ्या मित्रानं शांतपणे गणित मांडलं. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे वर्गणी झाली क्विंटलचा तिसरा हिस्सा, तोही हमीभाव पदरात पडला तर. वेचाई, खत, फवारणी त्यातून अजून जायचीच आहे.

एवढ्यात एका यशस्वी मित्रानं २१,००० भरून त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. हेतू वाईट नसेल. पण त्यानंतर दोन दिवस कोणाचाच पैसा आला नाही. पाचशे देणाऱ्यानं कोणत्या तोंडानं द्यावे?

मला शाळेतला फळा आठवला. तेव्हा कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावर घालायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहत बसायचं. चुकारा आला की किराणा दुकानदाराची उधारी, मग पोरांची फी. उशीर झाला की वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात फी बाकी असलेल्यांची नावं लिहिली जायची आणि ती पुसायची कोणाला हिंमत नसायची. वर्गणीची यादी ग्रुपवर टाकणं म्हणजे चाळीस वर्षांनी तोच फळा पुन्हा टांगणं.

म्हणून ठरवलं: पैसे माझ्याकडे पाठवायचे, जमतील तेवढे, आणि नाव कुठंही येणार नाही. एकूण जमा, एकूण खर्च, उरलेली रक्कम एवढंच जाहीर होईल. बँकेत आयुष्य गेलं, दुसऱ्याच्या खात्यावरची शिल्लक पोटात ठेवायची सवय आहेच. तूट आली नाही. उलट उरले.

६. शाळेला काय पाहिजे ते शाळेला विचारा

उरलेल्या पैशांत काय करायचं यावर कल्पनांचा पाऊस पडला. बॅचच्या नावाची कमान, संगमरवरी पाटी, बाक, कूलर. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सरळ विचारलं. ते बिचारे आधी संकोचले, मग बोलले. शिक्षकांचे पगार सरकार देतं, वेतनेतर अनुदान तुटपुंजं आणि वेळेवर नाही. कूलर दिलेत तर लावायची चोरी, बिल कोण भरणार? कमान दिलीत तर रंगाचा खर्च आमच्या माथी. आमच्या वेळी 'ड'पर्यंत तुकड्या होत्या, आता 'ब' भरताना दमछाक होते, कारण आसपास इंग्रजी शाळा निघाल्या. त्यांना हवं होतं वर्षभराचं वीजबिल आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची रोज सफाई करणाऱ्या बाईचा पगार.

यावर पाटी लावता येत नाही, म्हणून काही जण हिरमुसले. एकानं विचारलं, "वीजबिलावर आपलं नाव येईल का?" विनोद म्हणून सोडून दिलं, पण तो विनोद नव्हता.

७. स्टेज बांधू नका

प्रत्येकानं पुढं येऊन दीड मिनिटात परिचय द्यायचा, अशी कल्पना सगळीकडे असते. शंभरच्या वर माणसं आहेत, गुणाकार तुम्हीच करा; शिवाय दीड मिनिटात थांबणारा वऱ्हाडी माणूस मी तरी पाहिलेला नाही. परिचय कशाचा असतो? पद, पगार, मुलगा कुठल्या देशात. ज्याच्याकडे यातलं सांगण्यासारखं काही नसतं, तो चहा घ्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभा राहतो.

आम्ही शनिवारी शाळेच्या वर्गांतच बसलो. पाचवीत ज्या बाकावर जो होता, तिथं तो. शेजारचा मेला किंवा आला नसेल, तर जागा रिकामी. बाक आता फारच बुटके वाटतात, गुडघे मिटत नाहीत. मधल्या सुट्टीत गेटवर आलूपोंगा आणि गिला वडा, दोन्ही गाड्या आम्हीच बोलावून उभ्या केल्या होत्या. डायबेटिसवाल्यांनीही खाल्ले.

एक अडचण आली. शाळेत मुलं-मुली एकमेकांशी बोलतच नसत; वही हवी असली तरी धाकट्या भावामार्फत निरोप. आता पंचावन्नाव्या वर्षी काय म्हणायचं? कोणी 'मॅडम' म्हणे, कोणी 'ताई', एक निवृत्त फौजदार तर प्रत्येकीला 'वहिनी' म्हणत सुटला. शेवटी दुचाकीवाल्यानंच तिढा सोडवला. मला वर्गाच्या दारातून ओरडून म्हणाला, "अवं, तू सरक ना तिकडं, माही जागा हाय ते." त्यानंतर सगळं अरे-तुरेवर आलं.

८. सरांना शाल देऊ नका

अमरावती-अकोला रस्त्याची एके काळी काय दशा होती, ते तिकडून जाणाऱ्यांना ठाऊक आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला, आणि आता मूर्तिजापूरला चहा घेऊनही दोन तासांत अकोला येतं. हा रस्ता झाला नसता तर दोन दिवसांत दोन गावं जमलीच नसती. मूर्तिजापूरला चहा झाला तेव्हा खेड्यावरच्या मंडळींनी 'शकुंतला'च्या गोष्टी काढल्या. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी आमच्या लहानपणी वाफेच्या इंजिनावर चालायची. डिझेल लागलं ते १९९४ मध्ये. आता तीही बंद आहे.

अकोला गाठायचं कारण गणिताचे सर. वय पंच्याऐंशीच्या पुढं, जठार पेठेत मुलाकडे असतात, प्रवास झेपत नाही. बऱ्याच ठिकाणी अशा म्हाताऱ्या शिक्षकांना गाडीत घालून आणतात आणि तीन तास व्यासपीठावर बसवून ठेवतात. तो सन्मान नाही, शिक्षा आहे. आम्ही सरांकडे गेलो, तेही सगळे नाही. प्रत्येक तुकडीचे दोन-तीन, अर्धा तास.

पिशवीतून शाल निघाली तशी सरांनी हात वर केला. म्हणाले, "आत कपाट उघडून बघा." प्रत्येक बॅच येते आणि शाल-श्रीफळ देऊन जाते. अकोल्यात थंडी असते दीड महिना. कपाटात शालींची चळत. सर त्या थंडीत स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना वाटतात, तरी संपत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "'ड'चे कोण आलेत?" दुचाकीवाला आणि त्याच्यासोबतची एक जण पुढं झाली. सर त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "मी आयुष्यभर 'अ'ला शिकवलं. 'अ'ला कोणीही शिकवलं असतं." पुढं काही बोलले नाहीत. सुनेनं चिवडा आणला, तो खाल्ला, निघालो.

तुमच्या सरांना काही द्यायचंच असेल तर औषधांच्या दुकानात त्यांचं खातं काढून द्या, किंवा दर महिन्याला एकानं जाऊन त्यांच्याशी बोलत बसा. आमच्यातले अकोल्याचे चौघं आता हे दुसरं करतात.

९. गेलेल्यांच्या घरी आधी जाऊन या

यादी लहान नव्हती. काही कोरोनात गेले. दुसऱ्या लाटेचा फटका अमरावतीला सगळ्यांच्या आधी बसला होता, २०२१ च्या २२ फेब्रुवारीलाच इथं लॉकडाऊन लागला होता. गेलेल्यांची नावं आम्ही शाळेत पहिल्या तासाला वाचली, हजेरीच्या क्रमानं, मध्ये काही न बोलता. शेवटी वाचू नका. शेवटी लोकांना गाडी गाठायची असते.

दर्यापूरकडच्या एका मित्रानं औषध घेतलं होतं. आमच्या भागात याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्याच्या बायकोला कार्यक्रमाला बोलावून साडी आणि पाकीट द्यावं, असा प्रस्ताव समितीत आला. मी आणि बोरगाव मंजूचा मित्र ठाम आडवे आलो. तिनं शंभर अनोळखी माणसांसमोर येऊन हात का पसरावा? आम्ही जानेवारीत तिच्या घरी गेलो. ती चहा ठेवत म्हणाली, "पैसे नोका देऊ भाऊ. पोरगा बारावी झाला हाय. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कुठं लागते का तेवढं पाहा."

पाकीट देणं सोपं होतं, हे अवघड आहे. अजून काम झालेलं नाही. दोन ठिकाणी शब्द टाकला आहे.

१०. रात्र एकत्र काढा, आणि स्वयंपाक पुरुषांना करू द्या

शनिवारी रात्री बायकांनी घरी न जाता मंगल कार्यालयाच्या एकाच हॉलमध्ये गाद्या टाकल्या. ज्यांचं घर अमरावतीतच होतं, त्याही थांबल्या. तिथं काय बोलणं झालं, ते इथं लिहिणार नाही. पूर्ण दोन दिवसांत सगळ्यात जास्त काही घडलं असेल तर त्या हॉलमध्ये, एवढं सांगते. त्या रात्रीचा खर्च कार्यक्रमातला सगळ्यात कमी होता.

रविवारी दुपारी बोरगाव मंजूच्या वावरात रोडगे. केटररचं पनीर आम्ही एकमतानं परतवलं. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे काम आमच्याकडे वावरात गडीमाणसंच करतात, तेव्हा बायकांना बाजेवर बसून हुकूम सोडायला मिळाले. अमेरिकेतले दोघे रजा टाकून आलेच होते. त्यांनी गोवऱ्या फुंकल्या, डोळे लाल करून घेतले.

११. 'दरवर्षी करू' असा ठराव करू नका

निघताना कोणीतरी हा ठराव मांडतोच आणि टाळ्याही पडतात. दरवर्षी म्हटलं की तिसऱ्या वर्षी येतात ते फक्त 'अ'वाले, रिसॉर्टवर. पाच वर्षांनी एकदा पुरे. मधल्या काळात लग्नकार्याला, दवाखान्यात, मौतीला एकमेकांकडे गेलं की झालं. मे महिन्यात दुचाकीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं, भर उन्हात 'अ' तुकडीतले बरेच जण आले. पुण्याचा पत्रिकावालाही आला.

तुमच्या बॅचचं करायचं मनात असेल तर रजिस्टर तुमच्या शाळेच्या कार्यालयात ठेवलेलंच आहे. येत्या नवरात्राच्या आधी अर्ज देऊन नावं उतरवून घ्या, आणि फोन लावायला सुरुवात यादीच्या खालच्या टोकाकडून करा.